खुर्चीचे मोल आणि निष्ठेचे मोल

बाजारात एखाद्या जिनसाचा भाव वाढला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढते. व्यापाराचा सारा समतोल गिऱ्हाइकाच्या या स्वातंत्र्यावर उभा आहे. खेळाच्या संघावर जीव जडलेल्या माणसाला मात्र हे स्वातंत्र्य नसते. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा चाहता, तिकीट महाग झाले म्हणून, शेजारच्या मिसुरी राज्यातील संघाचा चाहता होत नाही. तो एक तर अधिक पैसे मोजतो, नाही तर क्रीडागृहात जाणे सोडून घरी बसतो. पण निष्ठा बदलत नाही. अशा माणसाला किती भाव सांगावा, हा प्रश्न जितका हिशेबाचा तितकाच नीतीचाही आहे. अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेल्याचे दिसते.

प्रथम हंगामी तिकीट म्हणजे काय, ते ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ म्हणजे केवळ विद्यार्थ्यांच्या करमणुकीचे साधन नव्हे. कॅन्ससमधील लॉरेन्स, उत्तर कॅरोलायनातील चॅपेल हिल यांसारख्या गावांत धंदेवाईक संघ नाहीत. तेथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा, किंबहुना राज्याचा अभिमान असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालणाऱ्या हंगामात संघाचे पंधरा-सोळा सामने स्वतःच्या क्रीडागृहात होतात. या सर्व सामन्यांची तिकिटे हंगामापूर्वीच एकदम विकत घ्यावयाची आणि दर सामन्याला तीच ठरलेली खुर्ची मिळवावयाची, याचे नाव हंगामी तिकीट. पुढच्या वर्षी तेच तिकीट पुन्हा घेण्याचा पहिला हक्क जुन्या धारकाचा, असा संकेत पडून गेला आहे. त्यामुळे एकच कुटुंब त्याच खुर्च्यांवर वीस-वीस, तीस-तीस वर्षे बसते. शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी मनुष्य कालांतराने सोयरा वाटू लागतो. मुले तेथेच लहानाची मोठी होतात. मृत्युपत्रात आणि घटस्फोटाच्या वाटणीतही या तिकिटांचा उल्लेख होतो. विद्यापीठ एक खुर्ची विकते. घेणारा मात्र त्या खुर्चीत आपल्या आयुष्याचा एक भाग गुंतवून बसतो. पुढील साऱ्या तंट्याचे मूळ या दोन वेगळ्या हिशेबांत आहे.

या खेळाच्या जन्माच्या वेळी प्रेक्षकांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ नावाचा तरुण शिक्षक होता. बर्फाच्या दिवसांत घराबाहेर खेळता येत नाही आणि कवायतीला विद्यार्थी कंटाळतात, ही त्याची अडचण. त्याने पीच या फळाच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर खिळ्यांनी ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि आपल्या वर्गातील अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून त्यांना खेळावयास लावले. वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्यांनी हा खेळ अल्पावधीत देशोदेशी नेला. आपल्याकडेही त्याच संस्थेच्या शाखांतून तो रुजला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांनी त्याला शाळाशाळांत पोहोचविले.

नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तेथील बास्केटबॉल संघाचा पहिला मार्गदर्शक झाला. मौज अशी की, ज्याने खेळ शोधला त्याच्याच संघाच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभव अधिक आले. कॅन्ससच्या इतिहासात अशी नोंद असलेला तो एकमेव मार्गदर्शक होय. जिंकणे-हरणे त्याला फारसे महत्त्वाचे वाटत नसे. शरीर आणि शील घडविण्याचे एक साधन, एवढीच त्याची या खेळाकडे पाहण्याची दृष्टी होती. त्याचाच विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन, ज्याला सारे ‘फॉग’ ॲलन म्हणत, याने मात्र ओळखले की हा खेळ शिकविण्याजोगा आहे आणि पाहण्याजोगाही आहे. नेस्मिथपासून ॲलन आणि ॲलनपासून त्याचा विद्यार्थी डीन स्मिथ, अशी ही गुरुशिष्यांची परंपरा आहे. खुर्चीच्या मोलाची कथाही बरीचशी याच तिघांच्या मागोमाग चालते.

खेळ पाहण्यासाठी लोक चांगले पैसे देतील, हे मोठ्या प्रमाणावर प्रथम सिद्ध केले ते विद्यापीठांबाहेरच्या एका माणसाने. नेड आयरिश हा न्यूयॉर्कचा एक क्रीडावार्ताहर. एका महाविद्यालयाच्या चिमुकल्या व्यायामशाळेत सामन्याला एवढी गर्दी होती की त्याला खिडकीतून आत शिरावे लागले आणि त्यात त्याची विजार फाटली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्याने काढलेले अनुमान अचूक होते. २९ डिसेंबर १९३४ रोजी त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे भव्य क्रीडागृह भाड्याने घेऊन एकाच रात्री दोन सामने लावले. महामंदीचे दिवस असूनही सोळा हजारांहून अधिक लोक तिकिटे काढून आले. पुढे १९३८ मध्ये त्याच वास्तूत निमंत्रित संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एन.सी.ए.ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची आज जगप्रसिद्ध असलेली स्पर्धा त्यानंतर वर्षभराने, १९३९ मध्ये, भरली आणि पहिल्या वर्षी तिला चक्क तोटा झाला.

जेथे पैसा येतो, तेथे सट्टाही येतो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० मध्ये या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्याचा अपूर्व पराक्रम केला. १९५१ च्या आरंभी उघड झाले की त्या संघातील आणि इतर अनेक संघांतील खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवीत होते. तपासात सात महाविद्यालयांचे बत्तीस खेळाडू आणि १९४७ ते १९५० या काळातील शहाऐंशी सामने निघाले. या प्रकाराने महाविद्यालयांना मोठा हादरा बसला. महानगरातील भाड्याच्या क्रीडागृहांपेक्षा आपल्या स्वतःच्या आवारातच खेळ असावा, आपल्याच विद्यार्थ्यांसमोर आणि आपल्याच गावकऱ्यांसमोर असावा, या विचाराला त्यामुळे बळ आले.

लॉरेन्स येथील ॲलन फील्डहाउस ही या काळाची खूण होय. कोरियन युद्धामुळे पोलादावर निर्बंध असल्याने तिचे बांधकाम रखडले होते. अखेर १ मार्च १९५५ रोजी कॅन्सस स्टेट संघाविरुद्धच्या सामन्याने तिचे उद्घाटन झाले आणि त्या रात्री सुमारे सतरा हजार लोक आत होते. १९५० च्या शिरगणतीत लॉरेन्सची वस्ती तेवीस हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. ती वास्तू केवळ श्रीमंतांसाठी बांधणे शक्यच नव्हते. तेवढे श्रीमंत त्या पंचक्रोशीत नव्हतेच. प्राध्यापक, दुकानदार, आसपासचे शेतकरी आणि विद्यार्थी यांना लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसवूनच ती भरावयाची होती. तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवणे हा तेथे उदारपणा नव्हता, गरज होती. त्या गरजेतून जे निर्माण झाले, ते मात्र कोणत्याही जमाखर्चात मावणारे नव्हते. बापाच्या खांद्यावर बसून सामना पाहिलेला मुलगा पुढे स्वतःच्या मुलाला घेऊन त्याच बाकावर येऊ लागला.

त्या काळाविषयी बोलताना भाबडेपणा मात्र टाळावयास हवा. दक्षिणेकडील राज्यांत ते बाक सर्वांसाठी खुले नव्हते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, चार्ली स्कॉट, १९६६ मध्ये दाखल झाला. तोवर त्या राज्यातील कृष्णवर्णीय करदात्यांनाही आपल्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाच्या संघात आपला मुलगा दिसत नव्हता. शिवाय, तिकीट स्वस्त होते याचे एक कारण असेही होते की, ज्यांच्या घामावर हा खेळ उभा होता, त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यावयाचे नाही, असा नियमच होता. जुन्या काळी सारे गोडीगुलाबीने चालले होते आणि नंतर लोभ शिरला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे.

स्कॉटला चॅपेल हिल येथे आणणारा मार्गदर्शक म्हणजे डीन स्मिथ. तो मूळचा कॅन्ससचा; ॲलनच्या हाताखाली खेळलेल्या आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेल्या संघातील तो एक खेळाडू होता. त्याने १९६१ मध्ये उत्तर कॅरोलायना संघाची सूत्रे हाती घेतली आणि १९९७ पर्यंत सांभाळली. १९६५ मध्ये तेथे कारमायकेल क्रीडागृह उघडले. त्यात दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावत आणि विद्यार्थ्यांच्या आरोळ्यांनी पाहुण्या संघाची त्रेधा उडे. संघाचे यश वाढू लागले, तसे तिकिटांचे मागणीदारही वाढू लागले. जागा मात्र तेवढीच राहिली.

याच सुमारास दूरचित्रवाणीने या खेळाचे रूप पालटून टाकले. १९७९ च्या अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट संघ आणि लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट संघ समोरासमोर आले, तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. त्याच वर्षी केवळ खेळांना वाहिलेली ई.एस.पी.एन. ही वाहिनी सुरू झाली. १९८९ मध्ये सी.बी.एस. या कंपनीने राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी सात वर्षांचे शंभर कोटी डॉलर देण्याचा करार केला. खेळाकडे पैशाचा ओघ सुरू झाला. पण त्याबरोबर विद्यापीठांतील चढाओढही वाढली. मार्गदर्शकांचे वेतन, सरावाची दालने, प्रवास, सजावट, प्रत्येक बाबतीत शेजारच्यापेक्षा वरचढ असावे, असे प्रत्येकास वाटू लागले. येणारा पैसा कितीही असला तरी तो अपुराच पडू लागला.

अशा परिस्थितीत चॅपेल हिलने एक नवा मार्ग चोखाळला. एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे प्रचंड क्रीडागृह बांधावयाचे आणि त्यासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा न घेता तो देणग्यांतून उभा करावयाचा, असे ठरले. रॅम्स क्लब या विद्यापीठाच्या देणगीदार मंडळाने हे काम अंगावर घेतले. सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर गोळा झाले आणि १८ जानेवारी १९८६ रोजी ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने डीन स्मिथ सेंटरचे उद्घाटन झाले. यजमान संघाने तो सामना ९५-९२ असा जिंकला. सार्वजनिक पैशाला हात न लावता एवढी मोठी वास्तू उभी राहिली, ही गोष्ट खरोखरच कौतुकाची होती. परंतु ज्यांनी मोठ्या देणग्या दिल्या, त्यांना खेळाच्या जागेजवळील उत्तम खुर्च्यांचे हक्क मिळाले, आणि विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना वरच्या दूरच्या मजल्यावर जावे लागले.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावयास हवा. या पद्धतीत खुर्चीला दोन किमती असतात. एक तिकिटाची, जी तिकिटावर छापलेली असते. आणि दुसरी, ते तिकीट विकत घेण्याच्या हक्काची, जी देणगी या नावाने द्यावी लागते. छापील किंमत सावकाश वाढते, म्हणून विद्यापीठाला सांगता येते की आम्ही भाव फारसा वाढविला नाही. खरी वाढ होते ती दुसऱ्या किमतीत. चॅपेल हिलचीच ही रीत होती असे नव्हे. देशभर मोठमोठ्या विद्यापीठांनी ती उचलली. हळूहळू चांगल्या खुर्च्यांवर वय आणि ऐपत दोन्ही अधिक असलेली मंडळी दिसू लागली. ही मंडळी संघावर कमी प्रेम करीत होती, असे मुळीच नाही. पण पन्नाशी उलटलेला गृहस्थ दोन तास उभा राहून ओरडत नाही. फ्लोरिडा स्टेट संघाचा खेळाडू सॅम कॅसेल याने १९९१ मध्ये तेथील सामना जिंकल्यावर हे ‘वाइन आणि चीज’वाले प्रेक्षक आहेत, असा टोमणा मारला. तो चॅपेल हिलच्या इतका वर्मी लागला की आजही लोक तो विसरलेले नाहीत.

या टोमण्यात तथ्य किती होते, हे निसर्गानेच एकदा दाखवून दिले. जानेवारी २००० मध्ये त्या भागात वीस इंचांच्या आसपास बर्फ पडला. रस्ते बंद झाले. मेरीलँडविरुद्धचा सामना व्हावयाचा होता आणि दूरदूरच्या गावांतून मोटारीने येणारे देणगीदार येऊ शकत नव्हते. आवारात राहणारे विद्यार्थी मात्र बर्फ तुडवीत पायी आले. रिकाम्या राहिलेल्या खालच्या खुर्च्यांवर त्यांना बसू देण्यात आले. एरवी शांत असणारी ती वास्तू त्या रात्री आरोळ्यांनी दणाणून गेली. संघ जिंकला, आणि ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांना कळून चुकले की, इतकी वर्षे या क्रीडागृहात उणीव कशाची होती. पुढे बास्केटच्या मागे विद्यार्थ्यांना उभे राहण्यासाठी जागा करून देण्यात आली. खुर्ची विकताना विद्यापीठाने जी वस्तू नकळत विकून टाकली होती, तिचा थोडासा भाग अशा रीतीने परत मिळविला गेला.

देणगी या शब्दावरून एक निराळा वाद राजधानी वॉशिंग्टनमध्ये चालला होता. अमेरिकेत धर्मादाय देणगीवर प्राप्तिकराची सूट मिळते. विद्यापीठाला दिलेली देणगी ही धर्मादायच; मग खुर्चीसाठी दिलेली देणगीही तशीच मानावयाची काय? प्राप्तिकर खात्याने १९८४ मध्ये स्पष्ट केले की, देणगीच्या बदल्यात चांगल्या जागेचा हक्क मिळत असेल, तर ती रक्कम सरसकट दान म्हणून वजा करता येणार नाही. जे मोबदला घेऊन दिले, ते दान नव्हे. सामान्य माणसाच्या विवेकाला पटेल असाच हा निर्णय होता. परंतु देणगीदार मंडळे अस्वस्थ झाली. १९८६ च्या करसुधारणा कायद्यात टेक्सास आणि लुइझियाना येथील दोन विद्यापीठांना सूट देणारे एक कलम हळूच घालण्यात आले. गंमत अशी की, त्यात विद्यापीठांची नावे नव्हती. राज्यघटनेने १८७६ मध्ये ज्याची आज्ञा केली, विधिमंडळाने १८८१ मध्ये जे स्थापिले आणि १८८३ च्या सप्टेंबरात जे उघडले, अशा वर्णनाची संस्था असावी, एवढेच म्हटले होते. या वर्णनात टेक्सास विद्यापीठाखेरीज दुसरे कोण बसणार?

इतर विद्यापीठांनी साहजिकच गिल्ला केला आणि १९८८ मध्ये काँग्रेसने सर्वांसाठीच नियम केला की, अशा देणगीचा ८० टक्के भाग करासाठी दान मानावा. त्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने खुर्चीच्या हक्कासाठी हजार डॉलर दिले आणि त्याच्या उत्पन्नावर कराचा दर शेकडा ३० आहे. आठशे डॉलरांवर सूट मिळून त्याचे दोनशे चाळीस डॉलर वाचत. म्हणजे खुर्ची त्याला सातशे साठ डॉलरांना पडे. उरलेला भार देशाच्या तिजोरीवर, म्हणजे ज्यांनी कधी त्या क्रीडागृहात पाऊलही टाकले नाही अशा माणसांवर. आणि ज्याचे उत्पन्न मोठे, त्याला सूटही मोठी. तिकीट न परवडणारा मनुष्य दुसऱ्याच्या खुर्चीला हातभार लावीत होता. ही व्यवस्था जवळजवळ तीस वर्षे चालली. डिसेंबर २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने २०१८ पासून ती संपुष्टात आली. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवसांत अनेक विद्यापीठे आपल्या देणगीदारांना पुढल्या वर्षांची रक्कम आगाऊ भरण्याची विनंती करीत होती. देणगी कोणत्या भावनेने दिली जात होती, याचा याहून बोलका पुरावा शोधावयास नको.

ॲलन फील्डहाउसमध्येही काळ पालटला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे खुर्च्यांचे वाटप गुणांच्या पद्धतीने होऊ लागले. कोणी किती देणगी दिली, किती वर्षे तिकीट घेतले, यावर गुण मिळावयाचे आणि ज्याचे गुण अधिक त्याला जवळची जागा. वर्षांनाही गुण होते हे खरे. पण वर्षे एकेकाने वाढतात आणि डॉलर हजारांनी वाढविता येतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एका बाकावर बसलेल्या कुटुंबांना उठून मागे जावे लागले. ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी त्यांची भावना झाली असल्यास नवल नाही. त्यातच २०१० मध्ये चौकशीतून बाहेर आले की, क्रीडाविभागातील काही अधिकाऱ्यांनी २००५ पासून बास्केटबॉल आणि फुटबॉल यांची मिळून वीस हजारांच्या आसपास तिकिटे चोरून बाहेर विकली होती. त्यांची छापील किंमतच दहा लाख डॉलरांहून अधिक होती. दोषींना पुढे न्यायालयात शिक्षा झाल्या. जे लोक आपले गुण मोजीत वर्षानुवर्षे रांगेत उभे होते, त्यांचा विश्वास किती दुखावला असेल, हे सांगावयास नको. तरीही फील्डहाउस रिकामे पडले नाही. निष्ठेचे बळ ते हेच आणि तिची अगतिकताही हीच.

याच्या उलट उदाहरण चॅपेल हिलपासून अवघ्या काही मैलांवर आहे. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन क्रीडागृह जानेवारी १९४० मध्ये उघडले. त्यात ९,३१४ माणसे मावतात. मोठे क्रीडागृह बांधण्यास लागणारे धन त्या श्रीमंत विद्यापीठाला जड नव्हते, आणि खेळाच्या रेषेला लागून असलेल्या जागा विकावयास काढल्या असत्या तर घेणारे तुटून पडले असते. तथापि त्या जागा विद्यार्थ्यांच्याच राहिल्या. पदवीपूर्व विद्यार्थ्याला तेथे पैसे द्यावे लागत नाहीत; त्याला वेळ द्यावा लागतो. १९८६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी उत्तर कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी दाराबाहेर तंबू ठोकले. तेव्हापासून दर हिवाळ्यात तेथे तंबूंचे एक लहानसे गाव वसते. मार्गदर्शक माइक शिशेव्स्की यांच्यावरून त्याला ‘शिशेव्स्कीव्हिल’ असे नाव पडले. याचा अर्थ ड्यूक येथे सारे काही आदर्श आहे, असा नव्हे. वरच्या खुर्च्या तेथेही देणगीदारांकडेच जातात आणि बाहेरच्या सामान्य माणसाला तेथे तिकीट मिळणे महाकठीण. परंतु विक्रीस काढावयाच्या जागा आणि विक्रीस न काढावयाच्या जागा यांत एक रेषा आखता येते, एवढे त्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

अलीकडच्या काही वर्षांत या प्रश्नाला नवे वळण मिळाले. खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसा मिळविण्याची मोकळीक जुलै २०२१ पासून मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा दर विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली. इतकी वर्षे नाकारलेला न्याय खेळाडूंच्या पदरात पडला, हे योग्यच झाले. प्रश्न एवढाच उरतो की हे पैसे कोणी द्यावयाचे. टेनेसी विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर केले की, २०२५ च्या फुटबॉल हंगामाच्या तिकिटांवर खेळाडूंसाठी म्हणून १० टक्के वेगळा आकार घेतला जाईल. विद्यापीठांच्या तिजोऱ्या फुटबॉल आणि बास्केटबॉल यांवर मिळूनच भरतात; म्हणून या पावलाकडे बास्केटबॉलच्या चाहत्यांचेही लक्ष गेले. त्या आकारात एक सरळपणा होता, हे मान्य करावयास हवे. त्याला देणगी हे नाव दिले गेले नाही. कशासाठी पैसे हवेत, ते सांगून घेतले गेले. मात्र गलेलठ्ठ वेतन घेणाऱ्या मार्गदर्शकांच्या वेतनात कपात करण्यापूर्वी चाहत्याच्या खिशाकडे हात गेला, हेही दृष्टीआड करता येत नाही.

निष्ठा जन्मते कोठे, याचे उत्तर महिलांच्या बास्केटबॉलने दिले आहे. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेदास बंदी घालणारा कायदा १९७२ मध्ये झाला, आणि त्यानंतर विद्यापीठांना महिलांच्या संघांकडे लक्ष देणे भाग पडले. कित्येक वर्षे त्यांच्या सामन्यांना तुरळक गर्दी असे आणि तिकीट अगदी स्वस्त असे. आजीआजोबा नातींना घेऊन येत. खेळाडू मुली सामन्यानंतर थांबून त्यांच्याशी बोलत. आयोवा विद्यापीठात केटलिन क्लार्क ही अलौकिक खेळाडू आली, तेव्हा २०२३-२४ च्या हंगामाची महिला संघाची सारी हंगामी तिकिटे, त्या संघाच्या इतिहासात प्रथमच, हंगामापूर्वी संपली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फुटबॉलच्या उघड्या मैदानावर भरविलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक आले. लोक म्हणाले, एका मुलीने ही किमया केली. ते अर्धेच खरे आहे. रिकाम्या बाकांवर येऊन बसणाऱ्या मूठभर माणसांनी तो दिवा इतकी वर्षे तेवत ठेवला नसता, तर त्या मुलीला लहानपणी असा खेळ पाहावयास तरी कोठे मिळाला असता?

या साऱ्या इतिहासाचे सार काढावयाचे तर असे म्हणता येईल. ज्या निष्ठेवर आज चढा भाव आकारला जातो, ती निष्ठा चढ्या भावाच्या खुर्च्यांवर जन्मलेली नाही. ती लॉरेन्सच्या लाकडी बाकांवर, विद्यार्थ्यांच्या गर्दीत आणि तुरळक प्रेक्षकांच्या सामन्यांत जन्मली. आजची विद्यापीठे ते पीक कापीत आहेत; पेरणी मागच्या पिढ्यांनी केली होती. खुर्ची महाग विकल्याने त्या वर्षीचा जमाखर्च उत्तम दिसतो. परंतु ज्या मुलाला आज आत यावयास मिळाले नाही, तो तीस वर्षांनी तिकीट मागावयास येणार नाही. आणि त्याचे न येणे कोणत्याही ताळेबंदात नोंदले जाणार नाही.

भाव मुळीच वाढू नये, असे कोणी म्हणणार नाही. खेळाडूंना त्यांचा वाटा द्यावयाचा, महिलांचे संघ चालवावयाचे, वास्तू सांभाळावयाच्या, तर पैसा लागणारच. मागणे एवढेच असू शकते की जी किंमत आहे तिला किंमत म्हणावे आणि जे दान आहे तेवढ्यालाच दान म्हणावे. आणि प्रत्येक क्रीडागृहात काही बाक असे राखून ठेवावेत की ज्यांचा लिलाव होणार नाही. नेस्मिथने पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेव्हा त्या सज्जात बसण्याचे कोणाला पैसे पडत नव्हते. तो काळ परत येणार नाही, आणि यावा असेही नाही. पण शिक्षणसंस्थेच्या नावाने खेळणारा संघ हा शिक्षणसंस्थेचाच आहे, एवढी आठवण खालच्या रांगेतील दोनचार बाकांनी करून देत राहावी. तेवढे घडले, तरी निष्ठेला तिचे मोल मिळाले असे म्हणता येईल.